हरमलची लाट आणि आमच्या पिशव्या

समुद्रावर काढलेले तुमच्या घरातले फोटो एकदा बघा बरं, मैत्रिणींनो! पॅन्ट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे असलेले यजमान, त्यांच्या अंगावर पाणी उडवणारी मुलं, झालंच तर एखादा हौशी दीर. आणि आपण? आपण बहुधा फोटोत नसतोच. आपण वाळूवर असतो. चपलांचे पाच जोड, सगळ्यांची पाकिटं, मोबाइल, कोरडे टॉवेल आणि चिवड्याचा डबा यांच्या मध्ये मांडी घालून बसलेल्या. मधून मधून "अरे, फार आत जाऊ नका रे!" एवढं ओरडायचं काम मात्र आपल्याकडे.

माझी बारा वर्षं अशीच गेली. अलिबाग झालं, गणपतीपुळं झालं, दोनदा शाळेच्या सहलीबरोबर मुरूडही झालं. मी अर्धवेळ शिक्षिका. सहलीत तर चाळीस मुलींच्या चाळीस पिशव्या! समुद्र किती वेळा पाहिला म्हणाल तर पुष्कळदा; पण त्याची आणि माझी ओळख घोट्यापुरतीच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती ओळख वाढली, त्याची ही हकिकत. हकिकतीबरोबर गावाची माहितीही देते, म्हणजे तुम्हाला जावंसं वाटलं तर उपयोगी पडेल.

आमचं दिंडोरी नाशिकहून वणीला जाणाऱ्या रस्त्यावर. द्राक्षबागांचा तालुका. पाण्याला आम्ही काही नवख्या नाही. वाघाड, करंजवण, ओझरखेड, पालखेड ही धरणं तालुक्यातच आहेत, कादवा नदी आहे, मळ्यामळ्यांत विहिरी आहेत. पण गंमत अशी, की लहानपणी घरातली मुलं पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे धरून उभ्या! कुणी आम्हाला नाही म्हटलं असंही नाही. कुणी विचारलंच नाही, आणि आम्हीही नाही विचारलं.

विचारलं ते माझ्या लेकीने. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा खेळ पहिल्यांदा आला, तो तिने टीव्हीवर पाहिला होता. पायाखाली एक लांबट फळी, खाली उसळणारी लाट आणि तिच्यावर तोल सांभाळत उभी राहिलेली मुलगी. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "मला हे शिकायचंय." आता ती सातवीत गेली तरी पालुपद सुटलं नव्हतं. एके दिवशी पोळ्या लाटताना तिने विचारलं, "आई, तुला निदान पोहता तरी येतं का गं?" खरं सांगू? पोळी तव्यावर करपली, पण मला उत्तर सुचलं नाही.

मग चौकशी सुरू केली. आपल्या देशात सर्फिंग शिकायच्या जागा आहेत. कर्नाटकातलं मुल्की त्यासाठी प्रसिद्ध आहे, तमिळनाडूतलं महाबलीपुरमही. पण आपल्याला जवळचं ते गोव्याच्या उत्तर टोकाचं हरमल. "गोवा?" सासूबाईंनी भुवया उंचावल्या. त्या माळकरी. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंग गड इतकंच त्यांचं जग. गोवा म्हणजे दारूची दुकानं, अशी त्यांची समजूत. पण नातवंडांनी हट्टच धरला, "आजी येत असेल तरच जायचं." दिरांनी बागेची जबाबदारी घेतली (ऑक्टोबर छाटणीनंतर बागेकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, हे नाशिककडच्या वाचकांना सांगायला नको!) आणि भाऊबीज, माहेरपण आटोपून आम्ही पाच जण निघालो.

नाशिकहून ठाणे, आणि तिथून रात्रीची कोकणकन्या. हरमलला सर्वांत जवळचं स्टेशन पेडणे. पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत म्हणून आम्ही थिवीला उतरून टॅक्सी केली. विमानाने येणाऱ्यांसाठी २०२३ पासून मोपाचा विमानतळ याच पेडणे तालुक्यात सुरू झाला आहे.

हा पेडणे तालुका १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता. नंतर तो पोर्तुगिजांकडे गेला. त्यामुळे इथली बोली, देवळं, दशावतारी नाटकं, सगळं वेंगुर्ल्या-सावंतवाडीच्या वळणाचं. सासूबाईंना घरमालकिणीचं बोलणं पहिल्याच दिवशी निम्मं समजलं आणि उरलेलं हातवाऱ्यांनी! अंगणात तुळशीवृंदावन, मागे माड, आणि पलीकडून समुद्राची गाज. "हे गोवा आहे होय?" असं म्हणून त्यांनी आपली पिशवी खुंटीला अडकवली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी हिप्पी मंडळी हणजूण-कळंगुटला आली आणि तिकडे गर्दी वाढू लागली तशी सरकत सरकत हरमलपर्यंत पोहोचली. त्यांच्या खुणा अजून आहेत. संध्याकाळी किनाऱ्यावर ढोलकं घेऊन लोक घोळका करतात, कुणी मण्यांच्या माळा विकायला बसतं, कुणी योगासनं करतं. कुणाला कसली घाई म्हणून नाही. आपल्याकडे पाच मिनिटं रिकामं बसलं तर चुकल्यासारखं होतं. इथे रिकामं बसणं हाच उद्योग.

सासूबाईंनी समुद्र पाहिला तो सूर्यास्ताच्या वेळी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "एवढं पाणी! आणि पिकाला एका थेंबाचा उपयोग नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीची शिकवणी. शिकवणारा तरुण पेडण्याकडचाच, मराठी शाळेत शिकलेला. त्याने ह्यांना विचारलं, धाकट्याला विचारलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही?" मी सवयीने म्हटलं, "नाही हो, मी पिशव्यांपाशी बसते." त्यावर लेक काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तिच्या त्या नजरेत विहिरीच्या काठावरची मीच मला दिसले. काय सुचलं कोण जाणे, म्हणून गेले, "थांबा. मीही येते."

आता पंचाईत गळ्यातल्या मंगळसूत्राची. लाटेच्या तडाख्यात सोनं जायला वेळ लागत नाही, हे त्या मुलानेच सांगितलं. मी घुटमळले. तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला, मंगळसूत्र घेतलं, पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली आणि म्हणाल्या, "जा. पिशव्या मी बघते."

आधी अर्धा तास वाळूवरच. शिकाऊ माणसाची फळी मोठी आणि वरून मऊ असते; ती घोट्याला दोरीने बांधलेली असते, म्हणजे पडलं तरी फळी निसटून जात नाही. फळीवर पालथं पडायचं, दोन्ही हातांनी पाणी मागे सारायचं, लाटेने मागून ढकललं की तळवे छातीपाशी टेकून अंग उचलायचं आणि पटकन एक पाय पुढे, एक मागे. गुडघे वाकलेले, नजर समोर. "खाली बघितलंत की खालीच जाल," हे त्याचं वाक्य मी घरी आल्यावर माझ्या वर्गातल्या मुलींनाही सांगितलं!

मग कमरेएवढ्या पाण्यात. तिथे फुटून आलेल्या फेसाळ लाटाच पकडायच्या असतात, आतल्या मोठ्या नव्हेत; त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही हात धरून शिकवतात. पहिल्या लाटेने मला उलटंपालटं करून नाकात, कानात, तोंडात मीठ भरलं. दुसरीनेही तेच केलं. लेक चौथ्या खेपेला उभी राहिली, धाकटा तर बसूनच गेला आणि आपण उभे होतो म्हणून सांगत सुटला. माझ्या सात लाटा पडण्यात गेल्या. आठव्या लाटेवर गुडघ्यांवर आले. त्यानंतर कितव्या लाटेवर ते आठवत नाही, पण उभी राहिले. किती वेळ? मनातल्या मनात तीन आकडे म्हणून होतील एवढा. चौथ्या आकड्याला पाण्यात! पण वर आले तेव्हा मी हसत होते, आणि हसते आहे हे मला नंतर कळलं.

हा खेळ जिथून आला त्या हवाई बेटांवर पूर्वीपासून बायकाही फळी घेऊन लाटांवर जात; राजघराण्यातल्या स्त्रियासुद्धा. तेव्हा "या वयात हे काय?" असं कुणी म्हटलंच तर उत्तर तयार ठेवा.

हौस सांगितली, तशी भीतीही सांगायला हवी. समुद्र विहिरीसारखा एका जागी थांबत नाही. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोराने परत आत जातं. गंमत अशी, की तो पट्टा वरून शांत दिसतो, तिथे लाटा कमी फुटतात, आणि आपण नेमके मुलांना घेऊन तिथेच जातो. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, त्यात दम जातो. अंग पाण्यावर तरंगतं ठेवा, हात वर करून मदत मागा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, बाजूला सरका. ओढ संपली की मग किनाऱ्याकडे या. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्याचं नाव काढू नका. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तर नाहीच. लाटा शिकायला दिवाळीनंतरचे महिने बरे.

दुपारी किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडून खडकांच्या कडेने चालत निघालो. वाटेवर कपड्यांची, शंखशिंपल्यांची दुकानं आहेत, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या वाटेला आम्हाला तास लागला, यात दोष कुणाचा ते विचारू नका! पलीकडे लहानसा किनारा आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चक्क गोड्या पाण्याचं तळं. मागच्या झाडीतल्या झऱ्यांचं पाणी त्यात येतं. इकडे खारट लाटा, तिकडे गोडं तळं. सासूबाईंनी ओंजळीतलं पाणी जिभेला लावून खात्री करून घेतली आणि मगच पाय सोडून बसल्या. पलीकडच्या टेकडीवरून लोक रंगीत छत्र्या घेऊन हवेत तरंगत होते. तो प्रकार मात्र पुढच्या जन्मी!

तिसरा दिवस फिरण्याचा. हरमलच्या उत्तरेला केरी. तिथे फेरीबोटीने गाडीसकट तेरेखोलची खाडी ओलांडायची. पलीकडे तेरेखोलचा किल्ला. तो सावंतवाडीच्या भोसल्यांचा होता, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. खाडीच्या उत्तरेला असूनही तेवढा तुकडा गोव्यात आहे. थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र, आणि रेडीचा गणपती. १९७६ साली तिथल्या लोहखनिजाच्या खाणीच्या परिसरात ही दोन हातांची मोठी मूर्ती सापडली. सासूबाईंचा पाय तिथून निघेना.

माझा पाय अडकला तो शिरोड्यात. वि. स. खांडेकर १९२० मध्ये या गावच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत इथेच राहिले. पुढे 'ययाति'ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं. एवढा मोठा लेखक, आणि अठरा वर्षं खेड्यातल्या मुलांना शिकवत होता! तासावर पगार घेणाऱ्या माझ्यासारख्या बाईला त्या गावच्या रस्त्यावर उभं राहूनसुद्धा बरं वाटलं. याच शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं आजही आहेत. ती पाहिल्यावर मुलांना इतिहासाच्या पुस्तकातला धडा दोन मिनिटांत समजला.

तिथून जवळच आरवलीचा वेतोबा. या देवाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. रात्री देव गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजवतो, अशी श्रद्धा आहे. चपला बघून धाकटा म्हणाला, "आई, या सांभाळायला तुला बसवलं तर!" सगळे हसले. मीही हसले, पण ह्यांनी मात्र माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. त्या संध्याकाळी हे आपणहोऊन वाळूवर बसले आणि म्हणाले, "जा तुम्ही सगळे. आज चपला माझ्याकडे." लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण असं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

खाण्याचं म्हणाल तर माळकरी माणसाचेही हाल होत नाहीत. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर येतो. त्याच्याकडचे गरम उंडे आणि पातळ भाजी, नाश्ता झाला. जेवायला भात, सोलकढी, आणि खतखतं. यात बऱ्याच भाज्या एकत्र शिजवून नारळाचं वाटण घालतात, आणि तिरफळांचा वास असा, की आमच्या मिसळणाच्या भाजीला हेवा वाटावा. मासे खाणाऱ्यांना तर काही सांगायलाच नको.

निघायच्या आदल्या दिवशी तुळशीचं लग्न होतं. गोव्यात याला व्हडली दिवाळी म्हणतात, म्हणजे मोठी दिवाळी. वृंदावन रंगवलेलं, शेजारी उसाचं कांडं रोवलेलं, आवळ्या-चिंचेच्या फांद्या, पणत्यांची रांग. घरमालकिणीने सासूबाईंना हाताला धरून पुढे उभं केलं. मंगलाष्टकं त्यांनी आमच्या दिंडोरीच्या चालीवर म्हटली आणि तिथल्या बायकांनी ती मागे मागे ओढली.

आता थोडं उपयोगाचं. शिकवणीचे पैसे, फळीचं भाडं आणि वेळ आधी ठरवून घ्या. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि घट्ट विजार बरी; ओढणी, साडी, सैल कुर्ता पाण्यात अंगाभोवती गुंडाळतो. दागिने घरीच ठेवा. खारे कपडे आधी दोनदा गोड्या पाण्यातून काढा, मगच साबण लावा. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही आणि साबण फुकट जातो. अंगाला चिकटलेली वाळू ओल्या टॉवेलने घासू नका. अंग कोरडं होऊ द्या, थोडी टाल्कम पावडर टाका आणि झटका, वाळू आपोआप गळते. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत जवळच्या मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या जागेत जाऊ नका आणि रात्री विजेऱ्या मारू नका. तीही बाळंतपणाला आलेल्या लेकीच, त्यांना निवांतपणा हवा.

शेवटच्या दिवशी पहाटे ओहोटी होती. मी एकटीच पाण्यावर जायचं म्हणून निघाले, तर सासूबाई नऊवारीचा काष्टा कसून दारात उभ्या! पाठोपाठ बाकीचेही आले. जीवरक्षकाच्या चौकीसमोर, लाट पातळ होऊन पसरते तिथे, मी आणि हे दोन बाजूंनी त्यांचे हात धरून त्यांना घेऊन गेलो. पहिली लाट आली तशा त्या किंचाळल्या, "अगं, पायाखालची माती ओढून नेतंय हे! हात सोडू नको!" मग हळूच त्या पाण्यात बसल्या. लाट कमरेपर्यंत यायची, परत जायची. त्या काही बोलत नव्हत्या. एकदा ओंजळ भरून पाणी त्यांनी डोळ्यांना लावलं.

मागे वळून बघितलं, तर वाळूवर पिशव्यांपाशी लेक बसली होती. तिने हात हलवून सांगितलं, की सगळं ठीक आहे.

थोड्या वेळाने सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सोड आता हात."

मी सोडला.

तर मैत्रिणींनो, हरमलला जा, नाहीतर अलिबागला जा, नाहीतर आपल्या तालुक्यातल्या पोहण्याच्या तलावावर जा. फळीवर उभंच राहायला पाहिजे असंही नाही. फक्त निघण्यापूर्वी घरात एकदा विचारून ठेवा, की पिशव्या कोण सांभाळणार? आणि उत्तर आपलंच आपण देऊ नका.